चामखीळ पायाला, ताट वेगळं

मला राग लवकर येतो, असं आमच्या हॉस्टेलातल्या सगळ्या पोरी म्हणायच्या. येतो. येऊ द्या. यशोधरा उगाच चिडली, असं एकदा तरी कुणी मला पटवून द्यावं, मंग मी गप बसते. अजून तरी कुणी पटवून दिलेलं न्हाई.

माझं गाव नेकनूर. बाप मिस्त्री, आई घर सांभाळून शिवणकाम करती. पोलीस भरतीसाठी मी केजला विजयसिंह सरांच्या अकॅडमीत राहिले होते. सरांच्या घराचा वरचा मजला त्यांचा, खालचा आमचा. आमी चौदा पोरी, दोन खोल्या, एक हॉल आणि हॉलच्या मागं एक बाथरूम. सर मिलिटरीतून रिटायर झालेले. पळवायला माणूस एक नंबर, खोटं कशाला बोलू? माझं आठशे मीटर तीन मिनिटं दहा सेकंदांवर होतं, ते त्यांनी दोन बावन्नवर आणलं. दोन पन्नासच्या आत आलं की वीसपैकी वीस मार्क मिळतात. माझे दोन सेकंद राहिले होते आणि मैदानाला, म्हणजे भरतीच्या शारीरिक चाचणीला, सव्वीस दिवस. त्या दोन सेकंदांपलीकडं मला काही दिसत नव्हतं.

आणि नेमकं तवाच डाव्या पायाच्या चवड्याखालचं दुखणं वाढलं. पाऊल टेकवलं की बुटात खडा गेल्यासारखं व्हायचं. दुखणं तसं जुनंच होतं. दिवाळीला घरी गेलते तवा आईनं पाय हातात घेऊन बघितला आन म्हणली, "कुरूप हाय. काटा मोडला असंल कवातरी." मंग काय, आमच्याकडं कुरूप म्हणलं की बिब्बा. आईनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं की चटका दिला. मी घर डोक्यावर घेतलं. चांगला बोराएवढा फोड आला, आठ दिवस लंगडले. फोड बरा झाला आणि त्याच्या खालून तेच पुन्हा वर आलं, शेजारी दोन बारकी पिल्लं घेऊन.

आईला काय बोलू? तिला तिच्या आईनं तेच शिकवलं होतं.

हॉस्टेलात सरांचा इलाज वेगळा होता. दर रविवारी लांब पल्ला पळून आलो की अंगणात सरांची खुर्ची लागायची. बादलीत कोमट पाणी, एक वजरी, एक ब्लेड. एकेका पोरीनं पाय बुडवून घ्यायचा, वजरीनं घासायचा आणि सरांच्या मांडीवर ठेवायचा. सर कडक झालेली कातडी ब्लेडनं पापुद्र्या-पापुद्र्यानं सोलून काढायचे. "शिपायाचा पाय आणि बंदूक, दोन्ही साफ पाहिजेत," असं दर वेळी म्हणायचे. हलक्या हातानं करायचे, बापासारखं. रक्त आलंच तर ब्लेड त्याच बादलीत बुडवायचे, पुसायचे, पुढची पोरगी. चौदा पोरी आणि ब्लेड एक. ते बदलावं असं कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. माझ्यासुद्धा न्हाई. मी तर नंबर लवकर लागावा म्हणून पळत जाऊन बादली भरून आणायचे. आता आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्या वाटतात.

सव्वीस दिवस राहिले तवा मी सरांना न विचारता सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर मॅडम वयानं बारकी होती, पण तिच्यासमोर लाईन ही एवढी. तिनं पाय उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबला. मी ओरडले. तिनं वरची कातडी जराशी खरवडली. खाली काळे-काळे ठिपके दिसले, टाचणीच्या टोकाएवढे.

"हे कुरूप नाही," ती म्हणाली. "चामखीळ आहे."

"चामखीळ तर मानेला असती मॅडम."

"तळपायालाही होते. अंगाच्या वजनानं आत दबते, म्हणून कुरपासारखी दिसते. विषाणूनं होते ही. हा डाग कसला?"

मी बिब्ब्याचं सांगितलं. ती माझ्यावर अशी डाफरली की लाईनीतली माणसं डोकावून बघायला लागली. "टाच जाळून घ्यायची, चवडा जाळून घ्यायचा, आणि मग आमच्याकडं यायचं!" म्हणली. मंग मी ब्लेडचं सांगितलं. त्यावर तिनं नुसता कपाळाला हात लावला.

तिनं मला नीट समजावून सांगितलं. गोठवून जाळता येते, पण फोड येईल आणि मैदान जवळ आहे, म्हणून आत्ता ते नको. रोज रात्री पाय कोमट पाण्यात बुडवायचा, मेलेली कातडी स्वतःच्या वेगळ्या कानशीनं घासायची, ती कानस दुसऱ्या कुणी वापरायची न्हाई, मंग औषधाचा थेंब नेमका चामखिळीवरच टाकायचा आणि वरून चिकटपट्टी लावायची. चांगल्या कातडीला औषध लागू द्यायचं न्हाई. आठवडे लागतील, महिने पण लागतील, कंटाळून सोडायचं न्हाई. "आणि पसरू द्यायचं नसेल तर बाथरूममध्ये अनवाणी जायचं नाही. ओल्या फरशीवरून एकीची दुसरीला लागते. ज्याची त्याची चप्पल, ज्याचा त्याचा टॉवेल, ज्याचे त्याचे मोजे. वजरी आणि ब्लेड एकमेकींचं अजिबात नाही."

बस, एवढंच. मी वहीत लिहून घेतलं.

हॉस्टेलात आले आणि हॉलमदी सगळ्या पोरींना बसवून मी ती वही वाचून दाखवली. मला वाटलं, आपल्याला कळलंय तर सगळ्यांना कळावं. शहाणपणा करायला गेले! मी म्हणलं, "बाथरूमला चप्पल घालायची आणि रविवारचं ब्लेड बंद."

विजयमाला काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, भाजी ढवळता ढवळता बाहेर आल्या. मेस त्यांचीच. त्यांचा देव्हारा आमच्या हॉलमदी. त्याच्यामुळं हॉस्टेलाचा पहिला नियम असा की चपला दाराबाहेर. बाथरूमला जायचं तरी हॉलमधून, म्हणजे देवासमोरून, म्हणजे अनवाणी.

"देवासमोरून चपला? माझ्या घरात?" काकू म्हणल्या. "ते न्हाई जमायचं."

"काकू, डॉक्टरनी सांगितलंय. हे पसरतं."

"पसरतं का?" काकूंनी माझ्या पायाकडं बघितलं, मंग माझ्याकडं. "बरं झालं सांगितलंस."

रात्रीच्या जेवणाला आमी रोजच्यासारख्या हॉलमदी ओळीनं बसलो. तेरा ताटं वाढली. मी म्हणलं, "काकू, एक राहिलं." काकूंनी भात वाढता वाढता खिडकीकडं बोट केलं. खिडकीच्या कठड्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला. वाढून ठेवलेलं.

"तुझं तिथं. धुवायचं बी वेगळं, बाहेरच्या नळावर. आता मैदान होईस्तवर असंच."

मला आधी कळलंच न्हाई. खरंच सांगते. मंग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"कावून?"

"कावून म्हंजे? तूच म्हणलीस ना पसरतं म्हणून."

"पायाला झालंय काकू! पायाचा आजार ताटात कसा आला? मी काय पायानं जेवते?"

एक पोरगी फिसकन हसली आणि लगेच गप झाली. काकू म्हणल्या, "तोंड सांभाळून बोल. मला चौदा पोरींचं बघावं लागतं. कुनाची काय सवय, कुनाच्या घरी काय, मला काय माहीत?"

कुनाच्या घरी काय! आमी बौद्ध. हॉस्टेलात चौदाजणींत मी एकटी. पहिल्या दिवशी काकूंनी आडनाव विचारलं होतं, मी सांगितलं होतं, त्या "हं" म्हणल्या होत्या. त्यानंतर सहा महिने त्यांनी एक शब्द काढला नव्हता. मला वाटलं होतं, चला, जमाना बदलला. तो "हं" त्यांनी सहा महिने जपून ठेवला होता आणि माझ्या पायानं त्यांना निमित्त दिलं होतं. डॉक्टरनी सांगितली ती चप्पल चालत नव्हती. डॉक्टरनी सांगितलं न्हाई ते ताट मात्र लगेच वेगळं झालं.

सर दारात पेपर वाचत बसलेले. मी त्यांच्याकडं गेले. "सर, तुमी सांगा ना काकूंना." दर रविवारी माझा पाय मांडीवर घेणारा माणूस. त्यांनी पेपरातून मान वर काढली न्हाई. "मैदान जवळ आलंय," म्हणले. "चार दिवस ऐकून घे. डोकं पळण्यात घाल."

माझा पाय त्यांना चालत होता, माझ्या ताटाबद्दल मात्र तोंडातून शब्द निघाला न्हाई. मला काकूंपेक्षा सरांचाच राग जास्त आला आणि अजून पण येतो.

झोपायला गेले तर संस्कृतीनं गादी ओढून भिंतीला लावलेली. माझी जिवाची मैत्रीण, सहा महिने शेजारी झोपायची, माझं तेल लावायची डोक्याला. म्हणली, "मला काही न्हाई गं, पण काकू..." म्हणलं, "काकू इथं झोपत्यात का? गप झोप तिकडं."

सकाळी आईला फोन केला. सांगायचं नव्हतं, पण तिनं आवाजावरून ओळखलं. आई एरवी लई शांत बाई. ती म्हणली, "ये निघून. आजच्या आज जीप धर. तुझ्या आजीनं हाटेलात येगळ्या कपातला चहा पिला, तिला इलाज नव्हता. तुला हाय."

"आई, दोन सेकंद राहिलेत. नेकनूरला मला कोण घड्याळ लावून पळवणार हाय? गोळा कुठं फेकू? रस्त्यावर?"

आई म्हणली, "तुझं तू बघ. पर जेवताना खाली मान घालून जेवू नको."

अकरा दिवस मी त्या ताटात जेवले. खिडकीपाशी उभी राहून, सगळ्यांकडं टक लावून बघत. खाली मान घातली न्हाई. पण जेवले. काकूंचा राग येतो, सरांचा येतो, पण त्या अकरा दिवसांतला सगळ्यात वाईट राग माझा मला येतो. ताट उचलून अंगणात भिरकावलं असतं तर हॉस्टेल सुटलं असतं, हॉस्टेल सुटलं असतं तर मैदान गेलं असतं. रोज हा हिशोब करायचा आणि घास गिळायचा. औषध मात्र चुकवलं न्हाई. पाय बुडव, घास, थेंब टाक, पट्टी लाव. पळताना चवड्याभोवती कापसाची चकती लावायचे म्हणजे दाब पडत नव्हता. बाकीच्या तेराजणी अनवाणी त्याच ओल्या फरशीवर नाचत होत्या आणि रविवारी सरांपुढं पाय धरत होत्या. माझा पाय सरांनी आता घेतला न्हाई. बरंच झालं.

दहाव्या दिवशी पाय दाखवायला दवाखान्यात गेले. मॅडम खूश झाली. "छान, चामखीळ बसतेय. बाकीच्या मुलींचे पाय बघितले का कुणी?"

"माझं ताट बघितलं मॅडम."

माझ्या तोंडून निघूनच गेलं. मंग सगळंच निघालं. मॅडमनं पेन खाली ठेवलं. "ताट? ताटाचं मी कधी म्हणाले?"

"तुमी न्हाई म्हणलात. तुमचं नाव सांगून केलं."

ती लालबुंद झाली. तिनं तिथल्या उज्ज्वला सिस्टरला हाक मारली. उज्ज्वला सिस्टर म्हणजे आडदांड बाई, आवाज असा की झोपलेला पेशंट उठून बसावा.

रविवारी सिस्टर टॉर्च घेऊन हॉस्टेलात हजर. अंगणात सरांची खुर्ची लागलेली, बादली भरलेली. सिस्टर म्हणली, "वा! बरी वेळ साधली. सगळ्या पोरी ओट्यावर बसा, पाय वर करा."

काकू म्हणल्या, "एकीलाच हाय हो, तिचं सगळं येगळं केलंय आमी."

"बघू ना," सिस्टर म्हणली.

एकेक पाय टॉर्चनं बघितला. बघताना ती मोठ्यानं मोजत होती. माझ्यासकट नऊ निघाल्या. नऊ! संस्कृतीच्या टाचेला चार होत्या, एकमेकींना चिकटून. सिस्टरनं विचारलं, "कधीपासून?" संस्कृती रडायलाच लागली. म्हणली, मागच्या उन्हाळ्यापासून. म्हणजे मी हॉस्टेलात यायच्या आधीपासून. तिला वाटलं कुरूप हाय, सर काढतात तर निघंल.

सरांचा चेहरा उतरला. "मी तर चांगल्यासाठी करत होतो," म्हणले.

"सर, तुमचा हात बघू," सिस्टर म्हणली.

सरांनी हात मागं घेतला. मंग पुढं केला. उजव्या अंगठ्याच्या पेराला खरखरीत गाठ आणि तर्जनीला दुसरी. ज्या दोन बोटांत ब्लेड धरायचे तीच दोन बोटं. "हे तीन वर्षं झाली हाय," सर हळूच म्हणले. "दुखत न्हाई, म्हणून लक्ष दिलं न्हाई." सिस्टरनं ब्लेड उचलून आपल्या डबीत टाकलं, वजरी कचऱ्यात फेकली आणि बादली ओतून दिली. "आजपासून हे दुकान बंद. प्रत्येकीनं दवाखान्यात यायचं. तुमी पण."

मी ओट्यावरून उठले.

"काकू," मी म्हणलं, "आमी नऊ आणि सर धरून दहा. दहा ताटं मावतील का खिडकीत?"

काकूंनी पदर सावरला आणि आत गेल्या.

दुपारच्या जेवणाला बघते तर चौदाची चौदा ताटं ओळीनं. बाथरूमच्या दाराशी चपलांचं स्टँड आलेलं, देवासमोरून वाट काढून. देव काही बोलला न्हाई. काकू म्हणल्या, "बस गं यशोधरा, कशाला मनावर घेतीस?" संस्कृतीनं शेजारी जागा केली. झालं! मिटलं! कुणी चुकलं म्हणलं न्हाई, कुणी माझ्याकडं बघितलं न्हाई. नऊ पोरींना निघालं, सरांना निघालं, तर एकाचंही ताट हाललं न्हाई. माझं एकटीचं होतं तवा हाललं. मंग ते चामखिळीसाठी हाललं होतं का? हे त्या हॉलमधल्या प्रत्येकीला कळत होतं आणि प्रत्येकजण वरणभात कालवत होती.

मैदानाच्या दिवशी आठशे मीटर मी दोन अठ्ठेचाळीसमदी मारलं. पायाला पट्टी होतीच. शेवटच्या दोनशे मीटरला माणसं देवाचं नाव घेतात, मी ती खिडकी आठवली. पुढं लेखी झाली, यादी लागली आणि यादीत मी होते. अकॅडमीतून आमी दोघीच लागलो.

आठ दिवसांनी केजच्या चौकात हा भलामोठा फ्लेक्स लागला. वर सरांचा फोटो, खाली माझा, "आमच्या अकॅडमीची वाघीण" म्हणून. सरांचा फोन आला, सत्कार ठेवलाय, आईवडिलांना घेऊन ये. बाबा म्हणले नको जायला. आई म्हणली, "जायचं. मला ते घर बघायचंय."

अंगणात मांडव होता, खुर्च्या होत्या. नव्या बॅचच्या वीसेक पोरी आणि त्यांचे आईबाप आलेले. त्यांना दाखवायलाच तर सगळा घाट. हार झाला, नारळ झाला, काकूंनी आईला ओवाळलं आणि साडी दिली. सरांनी माईक माझ्या हातात दिला. "सांग पोरींना, तुझ्या यशाचं गमक काय."

मी आधी नव्या पोरींना तळपायाच्या चामखिळीचं सांगितलं. कुरूप समजून कापू नका, बिब्बा लावू नका, दुसरीची वजरी, दुसरीचं ब्लेड घेऊ नका, बाथरूमला आपली चप्पल घाला, डॉक्टरकडं जा आणि औषध मधीच सोडू नका. पोरी लिहून घ्यायला लागल्या. सर मान डोलवत होते. मंग मी म्हणलं, "आणि हे बी लिहून घ्या. याच घरात माझ्या पायाला चामखीळ निघाली, तर माझं ताट अकरा दिवस त्या खिडकीत ठेवलं. नऊजणींना निघाली, सरांच्या बोटाला निघाली, तवा कुणाचंच ताट हाललं न्हाई. कारण आमी बौद्ध. बाकी काही कारण नव्हतं."

काकूंच्या हातातलं ओवाळणीचं ताम्हण वाजलं. सर पटकन पुढं आले, त्यांनी माईकवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणले, "पोरी, अगं असं सगळ्यांसमोर बोलायचं असतं का?"

मी माईक सोडला न्हाई.

"सर, ताटसुद्धा सगळ्यांसमोरच वेगळं केलं होतं."

आई उठली. मांडीवरची साडी तिनं खुर्चीवर ठेवली आणि आमी तिघं जीप धरायला निघालो.